डब्यात गेलेला अल्बम: गिरणगावातल्या एका बँडचं प्रकरण

मुंबईतल्या एका मराठी बँडने २००३-०४ मध्ये आठ गाण्यांचा अल्बम रेकॉर्ड केला. कॅसेट कंपनीने तो कधी बाजारात आणलाच नाही. त्यातली सात गाणी लोकांसमोर यायला २०१८ उजाडलं. मधल्या काळात बँडच्या मित्रमंडळींत एक वाक्य फिरत राहिलं, आजही फिरतं: "काळाच्या पुढे होते रे ते. आज आला असता ना, तर धुमाकूळ घातला असता."

या वाक्यात माया आहे. पण ते खरं आहे का, हे कधीतरी नीट तपासायला हवं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. २०१६ पासून गाण्यांचे हक्क आणि जुन्या टेप या दोन्ही कामांत मी बँडबरोबर आहे. त्याआधीचा भाग करार, पत्रं आणि बँडमधल्या चौघांशी झालेल्या बोलण्यातून जुळवला आहे. नावं, कंपनी, गाण्यांची शीर्षकं गाळली आहेत आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

बँडमध्ये पाच जण: गायक (गाणी लिहिणाराही तोच), गिटार, बास, ड्रम आणि ढोलकी-हलगी. गायक परळच्या चाळीत वाढलेला. त्याचे वडील गिरणीत होते, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपापर्यंत. त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांतले बहुतेक पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. गिरणगावात जन्मलेल्या मुलांच्या कानावर दोन प्रकारचं संगीत पडत असे. एक, भजनी मंडळ आणि गणपतीतल्या आरत्या. दुसरं, शाहिरी. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लालबावटा कलापथकाचे कार्यक्रम पाहिलेली माणसं तेव्हा चाळीत हयात होती आणि पोवाड्याचे तुकडे त्यांना तोंडपाठ होते.

गिटारवाला दादरचा, वेगळ्याच वाटेने आलेला. रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवाला उभा राहून त्याने गिटार म्हणजे काय ते ऐकलं. मुंबईत रॉकची परंपरा होतीच. १९८४ मध्ये सुरू झालेला रॉक मशीन १९९३ मध्ये इंडस क्रीड झाला आणि स्वतःची गाणी वाजवणारा बँड असू शकतो हे त्यांनी दाखवून दिलं. पण ती गाणी इंग्रजी होती. आपली गाणी आपल्या चाळीच्या मराठीत असावीत हा हट्ट गायकाचा.

आणि ढोलकीवाले काका. बाकीच्यांपेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, लोकनाट्याच्या फडात आणि ऑर्केस्ट्रात आयुष्य काढलेले. ते बँडचे सदस्य होते की रोजंदारीवर येणारे वादक, हा प्रश्न त्या वेळी कुणी विचारला नाही. पुढे तो फार महत्त्वाचा ठरला.

गाणी गिरण्या बंद पडण्याबद्दल होती. भोंग्यावर एक, गिरणीच्या चिमणीवर एक, कॅरमच्या फळीवर दिवस काढणाऱ्या काकांवर एक, शिवाय तुकोबांचा एक अभंग, हलगी आणि इलेक्ट्रिक गिटारवर. विषय शिळा नव्हता. १९९१ च्या विकास नियमावलीतल्या नियम ५८ प्रमाणे गिरणीच्या जमिनीतला एक तृतीयांश हिस्सा सार्वजनिक मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश घरांसाठी जायचा होता. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त रिकाम्या भूखंडापुरती उरली, म्हणजे सार्वजनिक वाट्याला फारच थोडं. परळमध्ये बुलडोझर रोज दिसत होते. बँडची गाणी त्याच आठवड्यांत, त्याच गल्ल्यांत लिहिली जात होती.

रेकॉर्डिंग दोन टप्प्यांत झालं, आणि हे लक्षात ठेवायला हवं. पहिला टप्पा बँडने स्वतःच्या पैशाने केला, दादरच्या एका लहान स्टुडिओत. तिथे अ‍ॅडॅट यंत्रं होती. दिसायला व्हिडिओ कॅसेटसारखी टेप, एका टेपवर आठ ट्रॅक, तीन यंत्रं जोडली की चोवीस. सहा गाणी तिथे जवळजवळ पूर्ण झाली. उरलेल्या दोन गाण्यांत वाद्यं नीट वाजली, पण गायकाचा आवाज कच्चा, फक्त खूण म्हणून गायलेला. हे ऐकून एका मराठी कॅसेट कंपनीने २००३ मध्ये करार केला. मग अंधेरीच्या मोठ्या स्टुडिओत, कंपनीच्या खर्चाने, सगळे आवाज नव्याने घेऊन मिक्सिंग झालं.

अडचण

कंपनीने अल्बम नाकारला असं कधीच झालं नाही. गुढीपाडव्याला काढू म्हणाले. मग, "गणपती होऊन जाऊ दे, मग बघू." गणपतीच्या आधी कंपनीचं सगळं बळ आरत्यांच्या आणि गणेशगीतांच्या कॅसेटमागे असायचं, कारण वर्षाचा गल्ला त्यावर. त्यानंतर ज्या अधिकाऱ्याने बँडला शोधलं होतं तो नोकरी सोडून गेला. नव्या माणसाला हे काय प्रकरण आहे तेच कळेना: भावगीत नाही, कोळीगीत नाही, लावणी नाही. दुकानात कुठल्या खणात ठेवायचं?

कंपनीची बाजूही समजून घ्यायला हवी. गाणं लोकांपर्यंत न्यायचे रस्ते मोजके होते. १९९९ मध्ये सुरू झालेली अल्फा मराठी वाहिनी पुढे झी मराठी झाली. तिथे मालिकांना जागा होती, बँडच्या व्हिडिओला नव्हती. मुंबईत खासगी एफएम २००२ पासून वाजू लागलं, पण पहिल्या फेरीतले परवाने ठरावीक शुल्काचे होते आणि ते शुल्क दरवर्षी १५ टक्के वाढायचं. तोट्यातल्या केंद्रांनी सगळ्यांत जास्त कान मिळवणारी हिंदी चित्रपटगीतं सोडून मराठी रॉक लावावं, ही अपेक्षाच चुकीची. उत्पन्नाच्या ४ टक्के शुल्क ही सुटसुटीत पद्धत २००५ मध्ये आली.

त्यात २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कंपनीचं तळमजल्यावरचं गोदाम पाण्यात गेलं. अंतिम मास्टर, म्हणजे ज्यावरून प्रती काढतात ती मूळ रेकॉर्डिंगं, त्यात गेले असावेत, असं बँडला तोंडी सांगण्यात आलं. लेखी कधीच काही आलं नाही.

पहिला निर्णय: थांबायचं की नाही

२००४ च्या अखेरीस बँडपुढे चार वाटा होत्या. कंपनीला आणखी वेळ द्यायचा. पैसे उभे करून मास्टर विकत घ्यायचा. दादरच्या टेपवरून स्वतःच सीडी काढून कार्यक्रमांत विकायची. किंवा गाणी फुकट पसरू द्यायची. स्टेशनबाहेर एमपीथ्री सीडी विकणारे होतेच.

दुसरी वाट परवडणारी नव्हती. चौथी ड्रमरने सुचवली आणि गायकाने झिडकारली. फुकट गेलेल्या गाण्याला पुन्हा कुणी पैसे देणार नाही, असं त्याचं म्हणणं. त्या काळात ते बहुतेकांना पटलं असतं. राहिली तिसरी, आणि ती करार पाहून बंद झाली. "सगळे हक्क कंपनीला दिलेत आपण," असं सगळ्यांनी गृहीत धरलं. वकिलाला विचारलं नाही, कारण वकील म्हणजे भांडण, आणि भांडण केलं तर अल्बम कायमचा गेला, अशी भीती.

म्हणून थांबले. २००६ पर्यंत बास वाजवणारा मस्कतला गेला, ड्रमर बंगळुरूला, गायक मालिकांची शीर्षकगीतं लिहू लागला. बँड मोडला असं कुणी जाहीर केलं नाही. सराव थांबला, एवढंच.

त्याच दोन वर्षांत गिरणगावावर सगळ्या शहराचं लक्ष होतं. २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने गिरण्यांच्या जमिनी विकल्या, ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने त्याविरुद्ध निकाल दिला आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. सभा, मोर्चे, वर्तमानपत्रांचे अग्रलेख, कॉलेजांत चर्चा. नेमक्या या विषयावरची, नेमक्या या वस्तीतून आलेली आठ गाणी तयार होती आणि कपाटात होती. अल्बम काळाच्या पुढे होता, हे म्हणणं मला म्हणूनच मान्य नाही. तो अगदी वेळेवर होता. जे झालं त्याला विलंब म्हणतात, आणि विलंब कुणीतरी केलेला असतो. "काळाच्या पुढे" म्हटलं की कुणालाच जाब विचारावा लागत नाही.

उशिरा म्हणजे नेमकं कधी?

"उशिरा आला असता तर" या प्रश्नाचा घोळ असा की त्यात साल नसतं. साल घातलं की उत्तर बदलतं. मी बँडला तीन वेगवेगळे काळ घेऊन विचार करायला लावलं. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची, प्रकाशनाचं वर्ष. बाकी माणसं, पैसा, टेप, सगळं त्या वर्षी खरोखर जसं होतं तसंच धरायचं. नाहीतर आपण नकळत आजचं इंटरनेट आणि २००४ चा तरुण बँड अशी न घडलेली जोडी लावून बसतो. मित्रमंडळींच्या वाक्यात नेमकं तेच होतं.

२००७ ते २००९ हा काळ सगळ्यांत वाईट. कॅसेट संपत होती, सीडीची दुकानं ओस पडू लागली होती. गाणी कुठून यायची? मोबाईलच्या टपरीवरून, मेमरी कार्डात भरून. कंपन्यांना पैसा दिसत होता तो कॉलर ट्यूनमध्ये, म्हणजे गाण्याच्या अर्ध्या मिनिटात. या बँडचं सगळ्यांत चांगलं गाणं सुरू होताना बराच वेळ नुसती हलगी वाजते. ते गाणं तिथे टिकलं नसतं. शिवाय वाजवायला बँड हजर नव्हता.

२०१० मात्र वेगळं होतं, आणि हा काळ मला फार लागतो. त्या वर्षी जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावर आधारलेला महेश मांजरेकरांचा 'लालबाग परळ' आला आणि गिरणी संप पुन्हा घराघरांत बोलला गेला. संपाच्या वेळी लहान असलेली पिढी आता पस्तिशी-चाळिशीत होती, तिला हे ऐकायचं होतं. ढोलकीवाले काका हयात होते, वाजवत होते. बास आणि ड्रम सुट्टीत मुंबईला येत होते. महिनाभर सराव करून चार-पाच प्रयोग लावणं शक्य होतं. कंपनी बहुधा तयार झाली नसती. पण कंपनीला विचारण्याची गरजच नव्हती, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. त्याबद्दल पुढे.

तिसरा काळ २०१६ नंतरचा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, यूट्यूब गावोगाव पोचलं. कंपनीशिवाय गाणं काढता येऊ लागलं. अभंग रीपोस्टसारखे मुंबईचे बँड अभंग गिटार-ड्रमवर वाजवतात आणि तरुण पोरं उभी राहून गातात. वरवर पाहता आपल्या अल्बमसाठी दार उघडलेलं. पण त्या बँडचा श्रोता प्रयोगांतून तयार होतो. आज या गावी, उद्या त्या कॉलेजात, आणि मग घरी जाऊन लोक रेकॉर्डिंग शोधतात. आपला बँड प्रयोग करू शकत नव्हता. दार उघडं असून आत जायला माणसं नव्हती.

उशिरा येऊन गाजलेल्या अल्बमची उदाहरणं देतात, तीही पाहू. बीच बॉइज या अमेरिकन बँडचा 'स्माईल' १९६७ मध्ये बाजूला ठेवला गेला. त्याच बँडच्या ब्रायन विल्सनने तो २००४ मध्ये नव्याने पूर्ण केला, मूळ ध्वनिमुद्रणं २०११ मध्ये निघाली आणि दोन्ही वेळा त्यांचं मोठं स्वागत झालं. पण बँड जगप्रसिद्ध होता, काही गाणी आधीच बाहेर आली होती, आणि तो न आलेला अल्बम कसा असेल याबद्दल लोक चाळीस वर्षं बोलत होते. वाट पाहणारे लोक आधी तयार होते. आपल्या बँडशी जास्त जवळचं उदाहरण कोलकात्याच्या मोहीनेर घोडागुली या बँडचं. सत्तरच्या दशकात त्यांच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही; नव्वदच्या दशकात बंगाली तरुणांनी त्यांना डोक्यावर घेतलं. मात्र त्यांच्या तबकड्या त्या काळीच निघाल्या होत्या, थोड्या का होईना लोकांच्या घरात होत्या. आणि बँडचे संस्थापक गौतम चट्टोपाध्याय स्वतः नव्या गायकांना घेऊन पुन्हा कामाला लागले, तेव्हा १९९५ मध्ये एक संकलन आलं. थोडं तरी बाहेर गेलेलं असणं आणि मूळ माणसाने पुन्हा उभं राहणं, या दोन्ही गोष्टी तिथे होत्या. आपल्याकडे पहिली नव्हती. दुसरी २०१६ मध्ये घडली.

२०१६: कागद आणि टेप

त्या वर्षी काका गेले. दहाव्याला चौघं बऱ्याच वर्षांनी एकत्र आले आणि काकांचं वाजवणं आपल्याकडे कुठेच नीट नाही, ही गोष्ट सगळ्यांना एकदम टोचली. गिटारवाल्याच्या घरी माळ्यावर दादरच्या अ‍ॅडॅट टेप होत्या. तेव्हा मला बोलावलं.

आधी करार वाचला. दोन पानी, घाईत केलेला. शब्द आणि चालींचे हक्क कंपनीला दिले होते, पण किती वर्षांसाठी ते लिहिलेलंच नव्हतं. कॉपीराइट कायद्याचं कलम १९(५) सांगतं की हस्तांतरणात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षं धरायची. म्हणजे शब्द-चालींचे हक्क २००८ मध्येच गायकाकडे परत आले होते. कलम १९(४) त्याहून पुढे जातं: मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळं काही म्हटलेलं नसल्यास त्या हक्कापुरतं हस्तांतरण संपतं. इथे मात्र रेकॉर्डिंग केलं म्हणजे वापर केला, असा वाद कंपनी घालू शकली असती, म्हणून वकिलांनी त्यावर भर दिला नाही. पाच वर्षांचा मुद्दा पुरेसा होता.

ध्वनिमुद्रणाची गोष्ट निराळी. कायद्यात त्याचा कर्ता म्हणजे निर्माता, ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. अंधेरीचं रेकॉर्डिंग कंपनीचं. दादरचं, जे करारापूर्वी बँडने स्वतःच्या खिशातून केलं, ते बँडचं. म्हणजे २०१० मध्ये, चित्रपट लागला होता तेव्हा, गाणीही त्यांची होती आणि टेपही त्यांच्या होत्या. फक्त त्यांना ठाऊक नव्हतं. हे सांगितलं तेव्हा गायक बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे कुलूप नव्हतंच."

दुसरा निर्णय: जुनं वाचवायचं की नवं गायचं

पर्याय तीन होते. कंपनीचा संग्रह ज्यांनी विकत घेतला त्यांच्याकडे मास्टर मागायचा. सगळं नव्याने रेकॉर्ड करायचं. किंवा दादरच्या टेप सोडवून त्यावरून मिक्सिंग करायचं.

पहिल्यासाठी पत्र पाठवलं. मास्टर सापडत नाही, एवढंच उत्तर आलं. दुसरा पर्याय ड्रमरला आवडत होता, आणि त्याचं कारण चांगलं होतं: आजच्या कानाला दादरचा ध्वनी पातळ वाटेल, प्लेलिस्टमध्ये शेजारच्या गाण्यापुढे बारीक पडेल. पण नव्याने करायचं तर काका नाहीत. दुसरा ढोलकीवाला मिळाला असता, उत्तमही मिळाला असता. गायकाने ठामपणे नाही म्हटलं. मीही त्याच बाजूची होते. भोंग्याच्या गाण्यात काका तालात किंचित मागे रेंगाळतात आणि त्या रेंगाळण्यावर सगळं गाणं उभं आहे.

टेप सोडवणं हे वेळखाऊ काम. मुंबईच्या दमटपणात माळ्यावर ठेवलेल्या टेपला बुरशी धरली होती. आधी त्या कोरड्या हवेत ठेवल्या, मग पुसून घेतल्या. चालू स्थितीतली तीन अ‍ॅडॅट यंत्रं एका ठिकाणी मिळेनात. दोन जुन्या स्टुडिओवाल्यांकडून गोळा केली. अशी टेप कितीदा चालेल याचा भरवसा नसतो, म्हणून प्रत्येक टेप लावताना पहिल्याच फेरीत संगणकावर उतरवून घेण्याची तयारी ठेवली. एका टेपवर बासचा भाग जागोजागी तुटत होता. तो मस्कतहून नव्याने वाजवून आला.

राहिली कच्च्या आवाजाची दोन गाणी. चिमणीचं गाणं गायकाने नव्याने गायलं. तो आता चाळिशीला टेकलेला, आवाज जड झालेला, आणि मागे काकांची जुनी ढोलकी. मला भीती होती की जोड दिसेल. दिसते. पण त्या गाण्यात बाप मुलाला चिमणी दाखवतो, आणि आता आवाज बापाच्या वयाचा आहे. बासवाल्याने शब्द बदलायला सुचवलं होतं, कारण "समोरची चिमणी" आता समोर नाही, तिथे टॉवर आहे. गायकाने एक अक्षरही बदललं नाही, आणि ते योग्यच झालं. दुसरं गाणं त्याने तीन वेळा गाऊन पाहिलं आणि सोडून दिलं. ते रागाचं गाणं होतं. "तो राग आता माझ्याकडे नाही, नाटक होईल," असं तो म्हणाला. म्हणून आठातली सातच गाणी आली.

पैशाची वाटणी पाच ठिकाणी, समान. काकांचा वाटा त्यांच्या पत्नीला. कराराच्या कागदावर काकांचं नाव नव्हतं, त्यांना रोख मेहनताना दिलेला होता. कागद दाखवून त्यांना वगळता आलं असतं. चौघांपैकी कुणी तो विषयही काढला नाही. वाटणीचा कागद मात्र या वेळी लेखी केला, सह्यांसकट.

निष्पत्ती

जून २०१८ मध्ये सातही गाणी एकदम ऑनलाइन आली. पहिले काही महिने जवळजवळ शांतता. कुठल्याही यादीत नाही, कुठल्या वाहिनीवर नाही. परळच्या दामोदर नाट्यगृहात एक प्रयोग झाला, काकांच्या जागी त्यांचा शिष्य बसला. सभागृह भरलं, पण बहुतेक ओळखीचे लोक होते.

मग भोंग्याचं गाणं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागलं. ते गिरणी कामगारांच्या घरांतून फिरलं: चाळ सोडून विरारला, डोंबिवलीला, काही कोकणात परत गेलेल्या कुटुंबांतून. म्हाडाच्या घरांसाठी अर्ज करून वर्षानुवर्षं थांबलेल्या वारसदारांच्या एका मेळाव्यात ते लावलं गेलं. ज्यांच्यासाठी लिहिलं होतं त्यांच्यापर्यंत ते पोचलं, पण त्यातले कित्येक वडीलधारे तोवर गेले होते. अभंग मात्र निराळ्याच, तरुण श्रोत्यांना सापडला. त्यांना गिरणीशी देणंघेणं नव्हतं, हलगी आवडली.

पैशात सांगायचं तर टेप सोडवण्याचा खर्चही निघाला नाही. याला यश म्हणायचं का? गायक म्हणतो, हो. ड्रमर म्हणतो, नाही, आणि त्याचं म्हणणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. २००४ मध्ये या गाण्यांनी बँड जगला असता, पुढचा अल्बम झाला असता, कदाचित त्याच्याही पुढचा. २०१८ मध्ये एक सुंदर नोंद तयार झाली. नोंदीचं मोल मी कमी करत नाही. पण ज्या चार-पाच अल्बमची गाणी लिहिलीच गेली नाहीत, त्यांची भरपाई तिने होत नाही.

निराळं काय करता आलं असतं

करारात दोन वाक्यं हवी होती. अमुक तारखेपर्यंत अल्बम प्रकाशित झाला नाही तर शब्द, चाली आणि मास्टर तिन्ही परत. आणि अंतिम मिक्सची एक प्रत बँडकडे राहील. कुठलीही कंपनी पहिल्या वाक्याला कुरकुर करते. दुसऱ्याला सहसा करत नाही, आणि तेवढ्यानेही खूप वाचलं असतं.

२००४ मध्ये दादरच्या टेपवरून दोन गाणी तरी प्रयोगांत वाटायला हवी होती. ड्रमर तेव्हा बरोबर होता. थोडं बाहेर गेलेलं असतं तर २०१० मध्ये कुणीतरी शोधत आलं असतं.

२०१८ च्या प्रकाशनाबद्दल गायकाचं आणि माझं जमत नाही. तो म्हणतो, अल्बम हा अल्बम आहे, सात गाणी सलग ऐकायची. मला वाटतं महिन्याला एक गाणं सोडायला हवं होतं, आधी भोंगा, प्रत्येकामागे वस्तीचे जुने फोटो आणि दोन मिनिटं बोलणं. शिवाय नावाचा गोंधळ झाला. बँडचं नाव रोमन अक्षरांत तीन प्रकारे लिहिलं गेलं आणि शोधणाऱ्याला अर्धी गाणी एकीकडे, अर्धी दुसरीकडे दिसत होती. ते निस्तरायला कित्येक महिने गेले, आणि नेमके तेच महिने गाणं फिरत होतं. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेची नव्याने नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली होती; गायक तिथे सदस्य झाला तो प्रकाशनानंतर. आधी व्हायला हवा होता.

आता समोर असलेला प्रश्न

मध्यंतरी अंधेरीच्या मिक्सिंग इंजिनिअरच्या जुन्या सामानात एक सीडी मिळाली. त्यावर कंपनीचा अंतिम मिक्स आहे, आठही गाणी, ते रागाचं गाणंसुद्धा, चोवीस वर्षांच्या गायकाच्या आवाजात. संग्रहाच्या आजच्या मालकांना ती प्रकाशित करायची आहे. रेकॉर्डिंग त्यांचं आहे, शब्द-चाली गायकाच्या, म्हणजे एकमेकांच्या संमतीशिवाय कुणालाच पुढे जाता येत नाही. गायकाला ती यावी असं मनापासून वाटतं. ड्रमरला वाटतं की आधी प्रकाशनाची तारीख कागदावर यावी, मग संमती. मी ड्रमरच्या बाजूने मसुदा पाठवला आहे: सही झाल्यापासून सहा महिन्यांत प्रकाशन, नाहीतर संमती आपोआप रद्द, बँडच्या हिश्शाचे पाच भाग, त्यातला एक काकांच्या घरी. उत्तर यायचं आहे.